सतरा वर्षांची सासू

बस निघून गेली आणि मग माझ्या लक्षात आलं, की आपण एक थांबा आधीच उतरलोय.

धुकं इतकं दाट होतं, की हातातली पिशवीसुद्धा अंदाजानेच हातात होती. सकाळचे अकरा वाजले असतील. डावीकडे काळ्या दगडांचा बांध, उजवीकडे काळ्या दगडांचा बांध, आणि मधल्या रस्त्यावर मी – येरिन, वय अठ्ठावीस, शिक्षण ग्रीक. पिशवीत रोमच्या लोकांना लिहिलेलं, ख्रिस्ती धर्मग्रंथातलं एक जुनं पत्र होतं, जेजू बेटाच्या बोलीत अर्धंमुर्धं उतरवलेलं. ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवायचं, कळतं का बघायचं, कळलं नाही तर पुन्हा लिहायचं, हे माझं काम. मुख्य भूमीवरून येऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. आठव्या चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी अख्खं बेट आपापल्या थडग्यांवरचं गवत कापायला गेलेलं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे बांधाच्या खिंडीत एक मुलगी उभी होती. सोळा-सतरा वर्षांची. अंगात पांढरा सुती, जुन्या पद्धतीचा कपडा. केस ओले, मानेला चिकटलेले.

"अगं, गावचं सभागृह कुठल्या बाजूला?"

तिने आधी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं... घाई न करता, एखादा कपडा खरेदीआधी उलटून बघावा तसं. मग डावा हात उचलून एका पायवाटेकडे दाखवलं. मी आभार मानले, चार पावलं गेले आणि उगाच मागे वळले. खिंडीत धुकंच होतं.

पायवाट चिंचोळी होती. थोड्या वेळाने सपसप असा विळ्याचा आवाज आला, आणि मग एका पुरुषाचा, अगदी घरगुती आवाज –

"आबांग, पाय जरा वर घ्या. इथलं गवत राहिलंय."

आबांग म्हणजे बाबा. मी बांधावरून डोकावले. आत मातीचे दोन गोल उंचवटे, आणि त्यांच्यामध्ये बाह्या वर केलेला एक तरुण ओणवा होऊन गवत कापत होता. आणखी कुणीही नव्हतं.

"कुणाशी बोलताय?"

तो दचकला नाही. विळा खाली ठेवून कपाळ पुसलं. "वडिलांशी. तुम्ही?"

"मी वाट चुकलेय."

"ते बुटांवरून कळलं. आजच्या दिवशी, या वाटेला, असले बूट घालून शहाणं माणूस येत नाही."

"शहाणी माणसं थडग्याला पाय वर घ्यायला सांगतात, होय?"

तो हसला. हसताना त्याचा एकच गाल आत जायचा. मी नजर काढून थडग्याच्या दगडावर नेली आणि नाव वाचलं – ह्यन इनहो. खाली वय. एकोणीस.

"हे... तुमचे वडील?"

"हो."

"आणि तुम्ही?"

"एकतीस. आबांग माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहेत. म्हणून तर ऐकत नाहीत." त्याने शेजारच्या उंचवट्याकडे हात केला. "ही आई. सतरा."

हसावं की पळावं, मला ठरवता येईना. तो मात्र शांतपणे विळ्याचं पातं गवताने पुसत होता.

"या वाटेला कुणी लावलं तुम्हाला?"

"एका मुलीने. तिकडे खिंडीत होती. केस ओले होते बिचारीचे, या गारठ्यात..."

पातं पुसणारा हात थांबला.

"बोलली काही?"

"नाही. नुसता हात केला."

"डावा?"

"हो. ओळखता तुम्ही तिला?"

त्याने विळा पाठीला खोचला. "सभागृह बरोबर उलट्या दिशेला आहे," तो म्हणाला. "चला, सोडतो."

त्याचं नाव मुनसोक. संत्र्यांची बाग होती त्याची. सभागृह येईपर्यंत त्याने माझ्याकडून सगळी चौकशी करून घेतली, मला 'ग्रीकबाई' असं नाव ठेवलं, आणि माझ्या तोंडून दोन ओळी ऐकून ते पत्र गावासमोर तोच वाचेल असंही जाहीर करून टाकलं.

"का? माझं काय वाईट आहे?"

"काहीच नाही. फक्त तुमचे उच्चार ऐकून म्हाताऱ्या हसून मरतील, आणि पुढच्या वर्षी आम्हाला गवत जास्त कापावं लागेल."

*

वाचन दहा दिवसांनी झालं. सभागृहाची जमीन खालून ऊबदार केलेली. नऊ म्हातारी माणसं भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. त्यातली सात बायका, बहुतेकींचा जन्म समुद्रात बुड्या मारून शिंपले काढण्यात गेलेला. सर्वांत पुढे तोकसून, वय एक्याऐंशी. या बेटावर वडीलधाऱ्या माणसाला, बाई असो की बुवा, सामचुन म्हणतात. तिला सगळं गाव तोकसून सामचुन म्हणायचं.

मुनसोक छान वाचत होता. माझीच वाक्यं त्याच्या तोंडी गेली, की कालच शेजारून आल्यासारखी वाटत. पत्रातल्या त्या जागेपर्यंत सगळं सुरळीत गेलं, जिथे लिहिणारा म्हणतो की तुम्ही आता भ्यालेले गुलाम नाही. देवाने तुम्हाला दत्तक घेतलंय, म्हणून तर तुम्ही त्याला बाबा म्हणून हाक मारता. दत्तक मुलासाठी मुख्य भूमीवरच्या भाषांतरात 'यांगजा' शब्द आहे. मीही तोच ठेवला होता.

"थांब रे," तोकसून म्हणाली. "यांगजा म्हणालास?"

"हो, सामचुन."

"मग मेलंय कोण?"

नऊही माणसं माझ्याकडे बघू लागली.

"कुणी मेलेलं नाही," मी घाईने म्हणाले. "देव आपल्याला मुलगा म्हणून –"

"म्हणजे देव निपुत्रिक गेला," कोपऱ्यातली एक जण म्हणाली. तिच्या आवाजात खरी हळहळ होती.

"मग त्याच्या श्राद्धाचं ताट आपण मांडायचं का? कुठल्या तिथीला?"

"डुकराचं चालतं का त्याला?"

कुणीही चेष्टा करत नव्हतं. मी मुनसोककडे बघितलं. तो कागदाचा कोपरा दुमडत होता, उलगडत होता.

"ग्रीकबाई," तो हळूच म्हणाला, "इथे जिवंत माणूस दत्तक घेत नाही. मेलेल्याला दत्तक देतात. विचारा ना मला... मी यांगजाच आहे."

नंतर कप विसळताना तोकसूनने मला सगळं सांगितलं. पंचावन्न वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात सरकारी सैनिकांनी डोंगरावरची गावं जाळली. इनहो, एकोणीस वर्षांचा, दहा वर्षांच्या धाकट्या भावाला घेऊन गुहेत लपला होता. शोधणाऱ्यांचे आवाज जवळ आले तेव्हा तो एकटाच बाहेर पडला आणि आवाज करत दुसऱ्या दिशेला पळाला. धाकटा, थेसू, वाचला. बिनलग्नाचा मेलेला पोरगा. त्याचं ताट कोण मांडणार? मग घरच्यांनी किनाऱ्यावरच्या गावातली एक मुलगी शोधली. बुड्या मारायला गेली आणि वर आलीच नाही, अशी. दोन मेलेल्यांचं लग्न लावलं. तिच्या थडग्यात तिचे नुसते कपडे आहेत.

"आणि पुढे थेसूला तिसरा मुलगा झाला. तो सात वर्षांचा झाल्यावर भावाला देऊन टाकला. आम्ही साक्षीला बसलो होतो. पोराला सांगितलं, आजपासून हा जो जन्माचा बाप, तो तुझा सामचुन. आबांग थडग्यातला."

"मुनसोक काय म्हणाला?"

"सात वर्षांचं पोर काय म्हणणार. तेव्हापासून बापाला सामचुन म्हणतो. थेसू ऐकून घेतो."

मी कप पुसत राहिले. मग न राहवून विचारलं, "ती मुलगी... दिसायची कशी?"

तोकसूनने माझ्याकडे टक लावून पाहिलं. "डावखुरी होती," ती म्हणाली. "आणि वाट कुणाला दाखवत नाही ती. आपल्याला हवं असेल त्यालाच दाखवते."

*

ऑक्टोबरभर आम्ही एका शब्दाशी झटत होतो. मुनसोकच्या बागेत संत्री हिरव्याची पिवळी होत होती, आणि पेट्या ठेवायच्या खोपटात आम्ही दोघं, मध्ये माझे कागद. रोज दुपारी वर डोंगरातून धुकं उतरायचं आणि झाडांच्या ओळी एकेक करून पुसून टाकायचं. तो मुद्दाम संथपणे संत्रं सोलायचा, अख्खी साल एका तुकड्यात, आणि अर्धं न विचारता माझ्यापुढे सरकवायचा.

"ग्रीक शब्द नीट सांगा एकदा."

"दोन तुकडे आहेत. मुलगा, आणि बसवणं. मुलगा म्हणून जागेवर बसवणं."

"मलाही बसवलंच होतं की. तासभर. पायाला मुंग्या आल्या होत्या."

"तुम्ही कधी गंभीर होता का?"

"श्राद्धाच्या दिवशी. वर्षातून सहा वेळा. त्यातल्या एका दिवशी तुम्हाला बोलवीन, बघून घ्या."

"हे बोलावणं आहे की धमकी?"

"ते जेवणावर ठरतं," तो म्हणाला. मग जरा थांबून – "आणि हे 'तुम्ही तुम्ही' किती दिवस चालणार?"

"तुम्ही सुरू केलंत."

"मग तू बंद कर."

मी कागदात बघितलं. माझे कान तापले होते, आणि ते त्याला दिसलं होतं. बराच वेळ दोघंही कामाचं बोललो... फारच कामाचं.

त्या दिवशी मी त्याला रोमचा कायदा सांगितला. तिथे बापाची सत्ता मोठी. मुलगा दुसऱ्याला द्यायचा तर साक्षीदारांसमोर तीनदा सोडावा लागे. एकदा सोडला, तर सुटून परत बापाकडेच यायचा. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा सोडला, की मगच जुनं नातं तुटायचं. मग नवा बाप न्यायाधीशापुढे उभा राहून म्हणायचा, हा माझा. दोन्ही बाप जिवंत, मुलगा जिवंत, साक्षीदारही जिवंत. पत्रातल्या त्या शब्दामागे हे सगळं उभं आहे. पुढच्याच ओळीत साक्ष देणाराही येतो.

"तीनदा?" मुनसोकने विचारलं.

"तीनदा."

"मला एकदाच सोडलं होतं." तो हसत होता. "म्हणजे तुझ्या रोमच्या हिशेबाने मी अजून त्यांचाच."

हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण डोळ्यांतून निघून गेलं. बाहेर धुक्यात कुणीतरी दगडाचा बांध रचत होतं, ठक... ठक... आवाज येत होता. "सामचुन आहेत," तो म्हणाला. "माझ्या बागेचा बांध ढासळला, की न सांगता येऊन बांधून जातात. चहा प्यायलासुद्धा आत येत नाहीत." त्याने उरलेलं संत्रं खाल्लं नाही.

*

नोव्हेंबरात मी त्याच्या थडग्यातल्या आईवडिलांचं घर बघायला गेले. जळालेल्या गावात आता नुसते बांबू उरलेत. जिथे बांबू, तिथे कुणाचं तरी परसदार होतं. त्या बांबूंच्या मधोमध नातेवाइकांनी बांधलेलं दोन खोल्यांचं घर, फक्त ताटं मांडायला.

या बेटावर घरांना फाटकं नसतात. दोन दगडांमध्ये तीन आडवे वासे असतात. तिन्ही लावलेले असले, की घरचे लांब गेलेत. सगळे काढून ठेवलेले असले, की माणूस घरात आहे.

तिन्ही वासे खाली होते.

"तू काढलेस?" मी विचारलं.

"मी आत्ता तुझ्याबरोबर आलो ना," मुनसोक म्हणाला.

आत सगळं लखलखीत होतं. एक घडी न मोडलेली रजई, दोन वाडगे, दोन चमचे. बाहेर पक्षीसुद्धा ओरडत नव्हता. मी दहा मिनिटंही थांबले नसेन. बाहेर आले आणि पायरीपाशी थबकले. मी बूट काढताना त्यांची टोकं घराकडे होती का रस्त्याकडे, ते आठवत नाही. पण इतके जुळवून ठेवलेले नव्हते, एवढं नक्की. आता ते शेजारी शेजारी, अगदी नीट, टोकं आत करून ठेवलेले होते. आणि ओले होते. पाऊस नव्हता. मी बोट लावलं, जिभेला टेकवलं. खारट लागलं. समुद्र तिथून तीन तासांच्या पायवाटेवर आहे.

मुनसोकचा चेहरा पांढरा पडला होता.

"आधी दोन मुली दाखवायला आणल्या होत्या," तो म्हणाला. "दोघींच्या चपला रस्त्याकडे तोंड करून ठेवलेल्या सापडल्या. दोघी गेल्या, पुन्हा आल्या नाहीत."

"आणि माझे आत वळवलेत. मग चांगलंच झालं की." मी हसायचा प्रयत्न केला.

"चांगलं? ती ठेवून घेते, येरिन." पहिल्यांदाच त्याने माझं नाव घेतलं, आणि ते असं. "मला सात वर्षांचा ठेवून घेतलं, अजून सोडलेलं नाही. तू परत जा. मुख्य भूमीवर जा."

"मला तू हाकलतोयस, की तुझी आई?"

"मी. तिला तू हवी आहेस. भीती तीच आहे."

"आणि तुला?"

तो रस्त्याकडे वळला. मी ओल्या बुटांत पाय घातले. परतीच्या वाटेवर तो माझ्यापुढे दहा पावलं चालत राहिला, आणि धुक्यात तेवढं अंतर फार असतं.

पुढे आठवडाभर तो आला नाही. खोपटाला कुलूप. सभागृहात निरोप – संत्र्यांची तोडणी आहे. मला पाठवणाऱ्या भाषांतर समितीचं पत्र मात्र आलं. शब्दांचा घोळ पुरे, 'यांगजा' ठेवा, महिनाअखेर काम संपवून परत या. परतीचं तिकीट पाकिटातच होतं. मी ते दोन दिवस टेबलावर ठेवलं. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. खोलीत बूट काढले, की दहादा त्यांची दिशा बघायचे. पण त्याच्याशिवाय ती दुपार, ते अर्धं संत्रं... भीतीपेक्षा ते अवघड जात होतं.

तिसऱ्या दिवशी मी एकटीच वर गेले.

वासे खालीच होते. मी आत नाही गेले. उंबऱ्यावर बसले, बूट पायातच ठेवून, आणि रिकाम्या खोलीकडे तोंड केलं. सासूबाई म्हणायचं की काय म्हणायचं, कळेना. ती माझ्याहून अकरा वर्षांनी लहान.

"तू मला वाट दाखवलीस," मी म्हणाले. माझी जेजू बोली वाईट आहे, पण मी तीच बोलले. "म्हणून आधी तुझ्याकडे आले. माझा शब्द कोर्टातला आहे, म्हणून मीही कोर्टासारखंच बोलते. तुझ्या मुलाला त्याच्या बापाने एकदाच सोडलंय. तीनदा नाही. तेवढ्याने नातं तुटत नाही. मला ठाऊक आहे, हा कायदा तुझ्या गावचा नाही. पण तुला कुणी विचारलं होतं का, तुझं लग्न कुणाशी लावायचं ते? की तुझ्या मांडीवर कुणाचं पोर ठेवायचं ते? तुलाही कुणी विचारलं नसेल."

खोलीत काही हललं नाही.

"तुझं ताट कुणी काढून घेत नाही. ते त्याच्या हातून तुला मिळत राहील. फक्त त्याला जिवंत बापाला आबांग म्हणू दे. त्या म्हाताऱ्याला ऐकू येतंय तोपर्यंत. आणि मला ठेवून घेऊ नकोस. मी राहायची असले, तर माझ्या पायांनी राहीन."

बोलणं संपलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, बांबू वाजायचे थांबलेत. वारा होता, धुकं सरकत होतं, पण पान हलत नव्हतं. मागे कुणीतरी उभं होतं. मी वळले. वाशांच्या पलीकडे मुनसोक, हातात तोडणीची कात्री, धापा टाकत. तोकसूनने मला वर जाताना पाहिलं होतं आणि त्याला पिटाळलं होतं. त्याने किती ऐकलं, मी विचारलं नाही. त्याच्या डोळ्यांवरून कळत होतं.

आणि मग ती शीळ आली.

किनाऱ्यावर राहणाऱ्या कुणालाही ती ओळखू येते. तळाशी गेलेली बाई वर येते, आणि छातीत कोंडलेला श्वास ओठांतून सोडते, तेव्हा तशी लांब, बारीक शीळ निघते. खाली समुद्रावर ती दिवसभर ऐकू येते. इथे, डोंगरावर, बांबूच्या बनात, ती आमच्या अगदी जवळून आली... एकदाच. लांबत गेली, पातळ झाली, आणि धुक्यात विरली. पाठोपाठ सगळे बांबू एकदम वाजायला लागले.

मुनसोक कात्री खाली ठेवून, वासे ओलांडून माझ्यापाशी आला.

"वर आली ती," मुनसोक म्हणाला. त्याचा आवाज सात वर्षांच्या मुलासारखा होता.

त्याच उंबऱ्यावर बसून, एकमेकांना खांदा लावून, आम्ही तो शब्द सोडून दिला आणि त्याच्या जागी एक अख्खं वाक्य लिहिलं. जिवंत बापाने, साक्षीदारांदेखत, 'हा माझा' म्हणून नाव घेतलेलं लेकरू. समितीने पुढे त्यावर दोन वर्षं वाद घातला आणि अखेरीस ते छापलं. पण ते नंतर.

*

महिन्याच्या शेवटच्या रविवारी पुन्हा वाचन झालं. तीच ऊबदार जमीन, तीच नऊ माणसं. फक्त दारापाशी, सगळ्यांच्या मागे, एक दहावा माणूस येऊन बसला होता. दगड उचलून जाड झालेले हात गुडघ्यांवर. तोकसूनने त्याला कसं आणलं, तिलाच ठाऊक. मी थेसूला पहिल्यांदाच जवळून पाहत होते. त्याचाही एक गाल आत होता.

मुनसोक उभा राहून वाचत होता. नवीन वाक्य आलं. तोकसूनने मान डोलावली. "हां. हा जिवंत आहे," ती शेजारणीला म्हणाली.

पुढची ओळ छोटी होती. म्हणून आपण हाक मारतो, आणि मग ती हाक. मुनसोकने तोंड उघडलं आणि थांबला. मी माझ्या जागेवरून त्याला शब्द सांगू शकले असते, सांगितला नाही. म्हाताऱ्या बायकांतल्या चौघी दत्तकाच्या दिवशी साक्षीला बसलेल्या होत्या, आणि त्यांना ठाऊक होतं, हा कुठे अडकलाय.

"आबांग," मुनसोकने वाचलं.

"अं?" मागून आवाज आला.

थेसूने विचार करून उत्तर दिलं नव्हतं. हाक आली आणि त्याच्या तोंडून ओ गेली, इतकंच. चोवीस वर्षं ती घशात तयारच असावी. मग त्याला समजलं, आपण काय बोललो. तो कानापर्यंत लाल झाला. "तू वाच, तू वाच," असं पुटपुटत दाराकडे सरकायला लागला.

"बस खाली," तोकसून म्हणाली. "तेव्हा आम्ही साक्षीला होतो, आताही आहोत. पोराने हाक मारलीय, तू ओ दिलीयस. सगळ्यांनी ऐकलं."

मुनसोकने कागद खाली ठेवला होता. तो पुढे एक अक्षर वाचू शकला नाही. उरलेलं पत्र मी वाचलं, माझ्या वाईट उच्चारांत, आणि कुणीही हसलं नाही.

बाहेर पडलो तेव्हा चार वाजले होते आणि धुक्याने रस्ता भरत आला होता. थेसू दारात घुटमळत होता. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाला, "घरी धिरडी केलीत. मुळ्याची. हिलाही येऊ दे." आणि लगेच चालू लागला. आम्ही दोघं मागून.

"वर्षाला सहा ताटं आहेत, वरच्या घरी," मुनसोक म्हणाला. "आधी सांगून ठेवतो."

"मी थडग्यापुढे डोकं टेकवणार नाही. माझ्या धर्मात नाही ते. पण भात शिजवीन."

"तेवढ्यावर आई राजी होईल?"

"आमचं बोलणं झालंय."

"आणि वडील?"

"एकोणीस वर्षांच्या मुलाला समजावणं मला जमेल."

तो हसला. मग थांबला. धुक्यात त्याचा चेहरा तेवढा जवळ दिसत होता, बाकी जग नव्हतं. "आणि तू, येरिन? तुला कुणी ठेवून घेत नाहीये. तिकीट आहे तुझ्याकडे. तू... तुला राहायचंय?"

मला ग्रीक येतं, रोमचा कायदा येतो, आणि त्या क्षणी मला एकही शब्द आला नाही. मी नुसता हात पुढे केला. त्याच्या बोटांना संत्र्याच्या सालीचा वास होता.

पुढे धुक्यातून हाक आली. "मुनसोक... पुढचं काही दिसत नाहीये. तिला नीट धरून आण रे."

"धरलंय, आबांग," तो म्हणाला.